दोन मजल्यांमधलं बोलणं

लिफ्टवाल्या काकांवर लिहायची परवानगी मला त्यांनीच दिली. "नाव घालू नका, बाकी सगळं घाला," म्हणाले. "आणि सविस्तर लिहा हां. अर्ध्यात तोडलेलं मला चालत नाही." हे बोलून स्वतःच हसले. लोक अर्ध्यात निघून जातात, याच्याशी त्यांच्या अख्ख्या नोकरीचा संबंध.

काका एका मोठ्या रुग्णालयात लिफ्ट चालवतात. जुनी, जाळीच्या दोन दरवाजांची लिफ्ट. तिला बटणं नाहीत, पितळी दांडा आहे. दांडा दाबून धरला की ती चालते, सोडला की थांबते. या लिफ्टमधून मी फार पूर्वी एकदा गेले होते, मुलगी लहान असताना, तिला ताप भरला होता तेव्हा. मी तिला छातीशी धरून आत शिरले आणि कोपऱ्यातून आवाज आला, "ताप वर गेलाय का बाई? मग आपणही वर जाऊ, धरून खाली आणू त्याला." तेवढ्या काळजीतही मला हसू फुटलं. बोलणाऱ्याचा चेहरा मी पाहिलाच नाही. दरवाजा उघडला, मी बाहेर धावले. कितीतरी वर्षांनी, मनातलं बोलायला जमणाऱ्या आमच्या गटाच्या खोलीत तोच आवाज ऐकला, तेव्हा आधी मला त्या तापाचीच आठवण झाली.

काकांचं काम तसं साधं, लोकांना वरखाली न्यायचं. पण लिफ्टमध्ये शिरणारं प्रत्येक माणूस घाबरलेलं असतं. एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत जेवढा वेळ मिळतो, तेवढ्यात काका त्याला धीर देतात. गंमत सांगतात, चिमटा काढतात, रडणाऱ्याला हसवतात. उत्तर ऐकण्याइतका वेळ कुणाकडे नसतो. मजला आला की माणूस गेलं. काकांची बायको म्हणते, "घरी आले तरी यांची लिफ्ट चालूच. आपण तोंड उघडेपर्यंत हे पुढच्या मजल्यावर!"

आम्ही भेटलो ती खोली कुठेच जात नाही. तिथे आठवड्यातून एकदा, दुपारी, आम्ही सातजण आणि गट चालवणाऱ्या समुपदेशक ताई गोल बसतो. खाली धुलाईचं दुकान आहे. तिथली वाफ खिडकीशी येते, काचेवर जमते, पुन्हा विरघळते. गरम कपड्यांचा वास येतो. ऊन वाफेतून गाळून आत येतं, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे जरा लांबचे, झोपेतून नुकते उठल्यासारखे दिसतात. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की ताई फळ्यावर काळजी कमी करण्याचे उपाय लिहितील. मी पेन घेऊन गेले होते. फळा नव्हता. ताईंनी दोन-तीन नियम सांगितले. इथलं इथेच ठेवायचं; हे लिहिण्याआधी मी सगळ्यांना विचारलं ते त्यामुळेच. एकमेकांबद्दल जे वाटेल ते इथेच, तोंडावर बोलायचं. ज्याला गट सोडायचा असेल त्याने सोडावा, पण येऊन निरोप घ्यावा. तोवर त्याची खुर्ची कुणी उचलणार नाही.

"आणि आमचे प्रश्न?" आमच्यातल्या वकिलांनी विचारलं होतं. "ते तुम्ही कधी सोडवणार?"

"मी सोडवत नाही," ताई म्हणाल्या. "गट काय करतो ते बघते, आणि दिसलं ते सांगते."

"म्हणजे आमचं आम्हीच करायचं, आणि तुम्ही बघणार!"

"हो," ताई म्हणाल्या. "नीट बघायला बराच जोर लागतो."

वकिलांनी हाताची घडी घातली. 

ताईंची एक सवय हळूहळू माझ्या लक्षात आली. कुणी बोलायला लागलं की आम्ही सगळे त्याच्याकडे बघायचो. ताई मात्र ऐकणाऱ्यांकडे बघायच्या. कोण खाली बघतंय, कोण पाय हलवतंय, कुणाचा श्वास अडकलाय. बोलणारा एकटा असला तरी बोलणं सगळ्यांच्या अंगावरून जातं, असं त्या एकदा म्हणाल्या होत्या.

काका गटात आले ते रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पाठवलं म्हणून. पहिल्याच दिवशी त्यांनी ते असं सांगितलं की आम्ही पोट धरून हसलो. "चौथा मजला बाळंतिणींचा. एक दिवस मी चौथ्यावर थांबलोच नाही. लोक ओरडतायत, चौथा, चौथा! मी थेट गच्चीवर. खाली आणलं, पुन्हा गच्चीवर. एक होऊ घातलेला बाप तर म्हणाला, काका, पोरगं आता विमानातच होईल बहुतेक! मग मोठ्या नर्सबाई आल्या. म्हणाल्या, तुमचा दांडा बिघडलाय की डोकं?" मग श्वासही न घेता पुढे म्हणाले, "त्याच्या आदल्या आठवड्यात माझ्या लेकीचं बाळ पोटातच गेलं, सहाव्या महिन्यात. ती माझ्याशी बोलत नाही. आईकडे निरोप दिलाय, बाबांना ऐकायला वेळ झाला की बोलेन. तर नर्सबाई काय म्हणतात, ऐका…"

आणि आम्ही नर्सबाईंचं ऐकलं. ते एक वाक्य दोन विनोदांच्या मधून असं निघून गेलं, जसं एखादं घर चालत्या गाडीच्या खिडकीतून जातं. दिसलं सगळ्यांना, उतरलं कुणीच नाही.

त्यानंतर प्रत्येक भेटीत काका बोलायचे. लेकीचं लहानपणीचं नाव बुटकी. "आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण नाव काही वाढलं नाही." शेजाऱ्याच्या कुत्र्याचे किस्से, लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसांचे किस्से. त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू झाला की दुपार मऊ होऊन जायची. वाफ खिडकीशी यायची, त्यांचा आवाज मजल्यामागून मजले चढत जायचा, आणि मला वाटायचं आपण सगळे त्या जाळीच्या पिंजऱ्यात बसून हळूहळू वर चाललो आहोत, कुणालाच उतरायचं नाही. मला ते आवडायचं. माझी मुलगी आता वसतिगृहात राहते. तिने फोन उचलला नाही की माझ्या जिवाला घोर लागतो. त्या घोरामुळेच मी या गटात आले होते. पण काका बोलत असले की मला त्याबद्दल काही सांगावं लागायचं नाही.

एका दुपारी ताईंनी काकांना हलकेच थांबवलं आणि आम्हाला विचारलं, "काका बोलतात तेव्हा बाकीचे कुठे असतात?"

 मग बेकरीवाला म्हणाला, "मी खरं सांगू? मी झोपतो. पहाटेपासून भट्टीपुढे असतो. काकांचा आवाज म्हणजे अंगाई." शिवणकाम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मी मनात टाके घालते. परवा अख्खा झगा झाला." वकील म्हणाले, "मी उलटतपासणीची तयारी करतो." मी माझं सांगितलं.

"मग काकांनी बोलत राहणं तुम्हा सगळ्यांना सोयीचं आहे," ताई म्हणाल्या. "तुमच्या वाटचंही ते बोलतात. तुम्हीच त्यांना ते काम दिलंय."

काका हसले. "म्हणजे इथेही ड्युटीच!"

आम्हीही हसलो, पण आम्हाला ते झोंबलं. आणि झोंबलेली माणसं करतात तेच आम्ही केलं, पटकन उपाय शोधला. पुढच्या आठवड्यात बेकरीवाल्याने भट्टीवरची घंटी आणली. गोल, डबीएवढी, पिळून ठेवायची, वेळ झाली की किणकिणणारी. "आमच्याकडे कुणी कुणावर ओरडत नाही," तो म्हणाला. "घंटी वाजली, पाव बाहेर. पावालाही राग येत नाही. प्रत्येकाने आपापला वेळ बोलायचं, वाजलं की थांबायचं. काका, चालेल ना?"

"धावेल!" काका म्हणाले. "मला रोजचीच सवय आहे, मजला आला की थांबायची."

आम्ही सगळ्यांनी हात वर केले. ताईंनी विचारलं, "ही घंटी कोणासाठी आहे?"

"न्यायासाठी," वकील म्हणाले. "बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. मावशींचं सोनं कधी बाहेर येणार?"

मावशी म्हणाल्या, "माझ्याकडे कुठलं आलंय सोनं!" ताई आमच्याकडे बघत राहिल्या. पण घंटी परत न्या, असं काही त्यांनी म्हटलं नाही.

दोन आठवडे सगळं झकास चाललं. काकांनी किस्से आखूड केले. आम्ही थोडंथोडं बोललो, नेमकं तेवढंच, जेवढ्याने काही होत नाही.

तिसऱ्या आठवड्यात काका आले ते शर्टाचं एक बटण चुकवूनच. ड्युटीचा सरकारी शर्ट ते नेहमी इतका टापटीप घालतात की मला लगेच खटकलं. बसले, आणि हळू बोलायला लागले. इतके हळू की बेकरीवाल्याला झोप लागली नाही. जावयाची बदली झाली होती, फार लांब. महिनाअखेर लेक जाणार होती. सामान बांधायला लागली होती. "ती न बोलताच जाणार," काका म्हणाले. "तिकडून मग कशाला बोलतेय. लांब गेलेलं माणूस गप्प असलं की कळतसुद्धा नाही गप्प आहे की बरं आहे."

त्यांनी चुकलेलं बटण चाचपलं.

"त्या दिवशी फोन आला ना, मी जेवत होतो. उजवा हात खरकटा, डाव्याने उचलला. तिने बाबा म्हटलं. नुसतं बाबा. आणि मी…"

घंटी वाजली.

बेकरीवाल्याने तिच्यावर झडप घातली, पण ती हातातून निसटली आणि जमिनीवर लोळत, किणकिणत राहिली. काकांनी मान वर करून दरवाजाच्या वरच्या भागाकडे पाहिलं, जिथे लिफ्टमध्ये मजल्याचा आकडा असतो. "आला मजला," ते म्हणाले. मावशी म्हणाल्या, "अहो बसा ना." ते हसले, कुणी लिफ्टमधून उतरताना आभार मानलं की हसायचे तसे, आणि निघून गेले. जिना उतरताना त्यांच्या पावलांचा आवाज आला. इतकी वर्षं लिफ्ट चालवणारा माणूस जिना उतरताना फार सावकाश उतरतो, हे मला तेव्हा कळलं.

वाफ काचेवर चढली आणि खोली पांढरी झाली. बेकरीवाला रडत होता. "करायला गेलो एक," एवढंच म्हणत होता. वकिलांनी आपला राग ताईंकडे वळवला. "तुम्हाला कळत होतं! पहिल्या दिवसापासून कळत होतं की ही घंटी म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मग थांबवलं का नाही? तुम्ही इथे कशासाठी बसता?"

मला वाटलं, आता ताई समजावतील की यामागे त्यांचा काहीतरी खोल विचार होता. त्या म्हणाल्या, "आपल्याला घंटी का लागते यावर आपण बोलायला हवं होतं. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात काढू विषय. मग त्याच्या पुढच्या. माझी चूक झाली."

एवढंच बोलल्या. सबबी सांगितल्या नाहीत, रडल्या नाहीत, आमच्याकडून "असू द्या हो" ऐकायला थांबल्याही नाहीत. वकिलांची तर पुढची वाक्यं तयार होती, ती तशीच राहिली. आमच्या घरी कुणी चूक कबूल केली की आधी भांडण, मग रडारड आणि शेवटी ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच समजूत काढावी लागते. चूक नुसती खाली ठेवता येते, आणि ठेवल्यावर माणूस तिच्याशेजारी बसून राहू शकतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"आता मला एक सांगा," ताई थोड्या वेळाने म्हणाल्या. "काका पुढे काय बोलतील याची कुणाला भीती वाटत होती?"

 मग मावशी खिडकीकडे बघत म्हणाल्या, "मला. मला त्या बाळाचं ऐकायचं नव्हतं." आणि ओठ मिटून घेतले.

निघताना बेकरीवाला म्हणाला, "मी उद्या केक घेऊन रुग्णालयात जातो. लिफ्टमध्ये चढतो आणि सातव्या मजल्यापर्यंत माफी मागतो."

"तिथे ते कामावर असतील," ताई म्हणाल्या. "तुम्ही रडवेले होऊन आत शिराल आणि ते तुम्हाला हसवून बाहेर काढतील. माफी घेणार नाहीत, उलट तुम्हालाच काहीतरी देऊन पाठवतील. त्यांना बोलवायचं काम माझं. मी फोन करेन. तुम्हाला द्यायचं असेल ते इथे द्या."

"आणि नाहीच आले तर?"

"तर खुर्ची आहे."

पुढच्या आठवड्यात खुर्ची रिकामी होती. आम्ही तिच्याकडे बघत बसलो, आणि नवल म्हणजे आम्हाला बोलता येईना. बोलायला भरपूर वेळ होता आणि घंटी नव्हती. काकांच्या आवाजाखाली आम्ही किती गप्प होतो, ते तेव्हा ऐकू आलं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र दुसरीच खोली येत होती, एक उंच मुलगी खोक्यांत सामान भरत असलेली. मी आई आहे, त्यामुळे मला दोघांची काळजी वाटत होती. बापाची आणि तिचीही, तिचीच जास्त. न सांगता लांब गेलेलं दुःख तिकडच्या घरातही खोक्यातून काढलं जातं, पण ठेवायला जागा सापडत नाही.

त्याच्या पुढच्या आठवड्यात काका आले. दारातच उभे राहिले, एका हाताने चौकट धरून. "नियमाप्रमाणे निरोप घ्यायला आलोय. ताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, जायचं तर जा, पण सांगून जा. बरोबर आहे. चला, येतो मग."

"इथे निरोप बसून घेतात," ताई म्हणाल्या.

काका बसले. बेकरीवाल्याने माफी मागायला तोंड उघडलं आणि काकांनी लगेच हात वर केला, "छे छे, तुझं काय चुकलं रे! पाव करपण्यापेक्षा…" ताई म्हणाल्या, "काका, त्याला पूर्ण करू द्या." बेकरीवाल्याने पूर्ण केलं. फार वेळ लागला नाही, पण काकांना ते ऐकून घेणं जड गेलं. त्यांची नजर सारखी दरवाजाच्या वर जात होती.

मग त्यांनी एक किस्सा सुरू केला. लिफ्टमध्ये अडकलेल्या जाड्या माणसाचा. मधेच थांबले. "हा सांगितलाय वाटतं," म्हणाले, आणि गप्प झाले.

ती शांतता मला अजून आठवते. कुणीच ती भरली नाही. बेकरीवाल्याने दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरले होते. मला बोलायची इतकी ऊर्मी आली होती की जीभ दाताखाली धरली. खालून यंत्राची घरघर येत होती, वाफ वर येत होती, आणि खोली कशाचाही आधार नसल्यासारखी मधल्या मध्ये थांबली होती. ताई पाय जमिनीला टेकवून बसल्या होत्या, शांत, जणू या शांततेचं वजन कुणीतरी धरायला हवं आणि ते त्यांनी धरलं होतं. तेव्हा मला कळलं की त्या इथे कशासाठी बसतात. खोली पडू नये म्हणून.

"मला कळलं होतं," काका म्हणाले. "ती बाबा म्हणाली ना, तेव्हाच. अहो, आवाजावरून मला मजला कळतो. माणूस आत शिरून काहीही बोलो, मी सांगतो त्याला कुठे जायचंय. तिचा आवाज आला आणि मला कळलं काय झालंय. आणि मी बोलायला लागलो. शेजाऱ्याचं कुत्रं, जिन्यातला दिवा, काय काय. ती म्हणाली, बाबा ऐका ना. मी आणखी एक किस्सा लावला. ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा लावला. मला वाटत होतं, मी बोलतोय तोवर ते झालेलं नाही." त्यांनी घसा साफ केला. "मग तिने फोन ठेवला. मी स्वतःच्या लेकीला दोन मजल्यांच्या मधे सोडलं."

माझ्या तोंडात आलं होतं, असू द्या काका, तुम्ही काय मुद्दाम केलं? ताईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी गिळलं. त्यांनीही धीर दिला नाही. त्या म्हणाल्या, "काका, मावशींकडे बघा."

मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज नव्हता.

"अरे, मावशी! काय झालं? अहो रडायचं नाही, आपण एक काम करू…"

"थांबा," ताई म्हणाल्या. "तुम्ही त्यांना विचारलंत, काय झालं. आता उत्तर येऊ द्या."

आणि मावशी बोलल्या. पहिल्यांदाच. त्यांचं पहिलं बाळ जन्मतानाच गेलं होतं, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. "जाऊबाई म्हणाल्या, पुढचं होईल. आई म्हणाली, विसर. नवरा काही म्हणालाच नाही. मी झबली शिवून ठेवली होती. कापड चांगलं होतं, वाया कसं घालवायचं? म्हणून उसवली. माझे टाके तेव्हाही बारीक. उसवायला फार वेळ लागला हो. शिवण्यापेक्षा जास्त." त्या थांबत थांबत बोलत होत्या. प्रत्येक थांब्यावर काकांचा जबडा हलायचा, आणि उजवा हात खुर्चीच्या हातावर आवळायचा, दांडा धरल्यासारखा. धरून ठेवला की लिफ्ट पुढे जाते. मी त्या हाताकडेच बघत होते. मावशी झबल्यांपाशी आल्या तेव्हा तो हात हळूहळू सुटला, आणि काकांनी तो उलटा करून गुडघ्यावर ठेवला, तळवा वर.

मावशींचं संपलं. काका जरा पुढे झुकले. मग अगदी वेगळ्या, नवख्या आवाजात त्यांनी विचारलं, "नाव ठेवलं होतंत?"

"ठेवलं होतं," मावशी म्हणाल्या. "पण कुणी विचारलंच नाही आजवर." आणि त्यांनी ते नाव सांगितलं. ते त्या खोलीतच राहू दे.

वेळ संपली तेव्हा ताई म्हणाल्या, "काका, निरोप घ्यायचा राहिला."

"पुढच्या खेपेला घेतो," काका म्हणाले. "आज घाई नाही."

त्या रविवारी काका लेकीकडे गेले, बायकोला न घेता. ती म्हणत होती, "मी येते, नाहीतर तुम्ही तिचं डोकं खाल." ते म्हणाले, "नको. तू असलीस की मला प्रेक्षक मिळतात."

तिथे काय झालं ते त्यांनी पुढच्या भेटीत सांगितलं, आमच्या सगळ्यांच्या खुर्च्या आपोआप थोड्या पुढे सरकलेल्या असताना. लेकीने दार उघडलं. "आई नाही आली?" "नाही." एवढंच. घरभर खोकी. ती सामान भरत होती, भरत राहिली. काका एका खोक्यावर बसले, मग उठून तिला भांडी गुंडाळून द्यायला लागले. ती एक भांडं द्यायची, ते कागदात गुंडाळायचे. "मी एक शब्द बोललो नाही," काका म्हणाले. "घामाने भिजलो हो. ड्युटीवर कधी इतका दमलो नाही."

"एक शब्दही नाही?" वकील म्हणाले. "साक्षीदार कोण?"

"शेजारी कुत्रं भुंकत होतं, बराच वेळ. त्यावरसुद्धा काही बोललो नाही."

वकिलांनी हात जोडले.

"मग भांडी संपली. एकच पातेलं बाहेर ठेवलं होतं तिने. त्यात चहा केला. दोन कप घेऊन माझ्यासमोर खाली बसली, भिंतीला टेकून. मला वाटलं, आता काहीतरी म्हणावं, निदान चहा छान झालाय म्हणावं. नाही म्हटलं. ती कपाकडे बघत होती. आणि मग म्हणाली, बाबा." काकांचा आवाज जरा बसला. "आणि मग ती बोलली."

आम्ही थांबलो. बेकरीवाल्याला राहवेना. "काय म्हणाली?"

काकांनी तोंड उघडलं. आम्हाला सवय होती, आता पूर्ण गोष्ट येणार, हातवाऱ्यांसकट, आवाज काढून. काकांनी तोंड पुन्हा मिटलं.

"ते तिचं आहे," ते म्हणाले.

 मावशींनी हलकेच मान हलवली. बेकरीवाला ओशाळून हसला. काका आमच्याकडे पाहून म्हणाले, "एवढंच सांगतो, चहा दोघांचाही गार झाला. तिने तो ओतून नाही टाकला. पुन्हा पातेल्यात घातला, गरम करून आणला. म्हणाली, बाबा, अजून बरंच आहे सांगायचं. बसता ना?"

"मग?"

"म्हटलं, बसतो."